नियोजित शहरातलं रोजचं जगणं टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने चंदीगडबद्दल आहे. आधुनिक पद्धतीने आखलेल्या शहरात माणसं प्रत्यक्षात कशी राहतात, हे फोटोत आणायचं असेल तर आपल्या देशात यापेक्षा चांगली जागा नाही. मुंबई-पुण्याच्या वाचकांना दर आठवड्याला तिथं जाता येत नाही, म्हणून सरावासाठी नवी मुंबईबद्दलही लिहिलं आहे.

चंदीगडमध्ये दोन दिवस फिरलो, पण फोटोत रुंद रस्ते, झाडं आणि भिंती. माणसं कुठे गेली?

तुम्ही चुकीच्या रस्त्यावर उभे होतात. ही तक्रार इतक्यांची असते, की सगळ्यात आधी तिचंच उत्तर द्यायला हवं.

वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांनी १९५१ मध्ये या शहराचं काम हाती घेतलं आणि रस्त्यांची सात प्रकारांत उतरंड लावली : व्ही-१ ते व्ही-७. व्ही-१ बाहेरगावाहून येणारे, व्ही-२ शहरातले मुख्य मार्ग, व्ही-३ प्रत्येक सेक्टरला चारी बाजूंनी वेढणारे वेगवान रस्ते. व्ही-३ वर घराचं दार उघडायचं नाही, हा मूळ नियम. त्यामुळे गाडीतून फिरणाऱ्याला घरांच्या पाठी, कुंपणाच्या भिंती आणि झाडांच्या रांगा एवढंच दिसतं. सेक्टर बाहेरच्या जगाकडे पाठ करून बसलेला असतो, आपल्याकडच्या चौसोपी वाड्यासारखा.

जगणं आत आहे. व्ही-४ हा सेक्टरला आडवा छेदणारा बाजाररस्ता, व्ही-५ आतून वळसा घेणारा, व्ही-६ घरांच्या दारापर्यंत नेणारा आणि व्ही-७ म्हणजे हिरव्या पट्ट्यातून जाणारी पायवाट. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब असतो, म्हणजे लांबीच्या बाजूनं सरळ चाललात तर पंधरा मिनिटांत पार होतो. पद्धत अशी ठेवा : रिक्षा व्ही-४ च्या तोंडाशी सोडा, बाजार शेवटपर्यंत चाला, मग हिरव्या पट्ट्यात शिरा आणि व्ही-६ च्या गल्ल्यांतून परत या. एका सेक्टरला कमीत कमी तीन तास द्या. दिवसात पाच सेक्टर करण्यापेक्षा एकाच सेक्टरमध्ये सकाळ-संध्याकाळ गेलेलं बरं.

सुरुवात कुठल्या सेक्टरपासून करावी?

सेक्टर २२. सर्वांत आधी वसलेल्या सेक्टरांपैकी हा एक. घरं, शाळा, बाजार आणि सिनेमा अशी सगळी घडी इथं पहिल्यांदा बसवून पाहिली गेली. विटांची कमी उंचीची सरकारी घरं, शास्त्री मार्केटची गर्दी, किरण सिनेमाची इमारत हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्यानंतर सेक्टर १७, म्हणजे शहराचा मध्य. इथला प्रशस्त चौक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. काँक्रीटच्या खांबांची सलग ओळ, खाली दुकानं, मधे कारंजं. दुपारी तो ओकाबोका असतो, संध्याकाळी पाचनंतर भरायला लागतो. रविवारी संध्याकाळी कुटुंबंच्या कुटुंबं येतात.

सेक्टर १४ मधलं पंजाब विद्यापीठही घ्या, पण परीक्षांचे दिवस टाळा. ल कार्बुझिए यांचे सहकारी वास्तुरचनाकार पिएर जान्नरे यांचं तिथलं पाण्यातलं गांधी भवन सगळेच टिपतात. त्यापेक्षा विद्यार्थी केंद्राच्या गोल इमारतीभोवती चहा पीत बसलेली मुलं जास्त बोलकी असतात.

पत्ता विचारताना एक लक्षात ठेवा : इथं रस्त्याच्या नावानं कुणी सांगत नाही. घर क्रमांक आणि सेक्टर, झालं. दुकानाच्या पत्त्यात 'एससीओ' (खाली दुकान, वर कार्यालय), 'एससीएफ' (खाली दुकान, वर घर) किंवा 'बूथ' (एकमजली छोटं दुकान) असं येतं. सिग्नलच्या चौकाला 'लाइट पॉइंट' म्हणतात.

उजेड कधी चांगला मिळतो?

याचं उत्तर घड्याळापेक्षा नकाशात आहे. शहराची जाळी सरळ उत्तर-दक्षिण नाही, ती तिरपी, ईशान्य-नैर्ऋत्य अशी आहे. व्ही-४ वरची दुकानं मूळ आराखड्यात मुद्दाम रस्त्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला ठेवली, म्हणजे गिऱ्हाइकाला सावली मिळावी. दुकानांची तोंडं त्यामुळे साधारण ईशान्येला येतात. याचा फोटोवर होणारा परिणाम फार मोठा आहे :

सकाळी ऊन दुकानांच्या अंगावर येतं. उन्हाळ्यात समोरून, हिवाळ्यात कडेकडेनं. शटर उघडणारी माणसं, झाडलोट, पाणी मारलेली फरशी हे तेव्हाच घ्या. दुपारनंतर सूर्य दुकानांच्या पाठीमागे जातो आणि व्हरांडा अखंड सावलीत येतो. संध्याकाळी त्याच जागी नाट्यमय ऊन-सावलीची वाट बघत बसलात तर हाती काही लागणार नाही. पण चेहऱ्यांवर एकसारखा मऊ उजेड हवा असेल तर याहून चांगली जागा नाही. माणसांचे जवळचे फोटो संध्याकाळी चार ते सहा या वेळात व्हरांड्यात काढा.

ऋतूचा फरकही मोजून ठेवा. चंदीगड साधारण ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जेमतेम ३६ अंश वर येतो आणि १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे सव्वादोन मीटर पडते. म्हणजे हिवाळ्यात दुपारी बारालाही काम करता येतं. जूनच्या अखेरीस सूर्य ८३ अंशांवर, सावली वीतभर, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. तेव्हा अकरा ते चार कॅमेरा बाहेर काढू नका. आमच्या मते ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत चांगले महिने.

कोणती लेन्स न्यावी? मोबाइल चालेल का?

एकच न्यायची तर पूर्ण फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी (लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिमी). व्हरांडे अरुंद असतात तिथं २८ मिमी जास्त उपयोगी. २४ च्या खाली गेलात की कडेची माणसं ताणल्यासारखी दिसतात आणि इमारत उगाच भव्य होते. ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स घरी ठेवा. लांबून टिपलेल्या माणसाभोवतीची जागा चपटी होते, आणि या शहरात जागा हाच अर्धा विषय आहे.

चालत्या माणसांसाठी फोकस आधीच लावून ठेवा. ३५ मिमीला छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ आणि अंतर ३ मीटर ठेवलं तर साधारण १.९ ते ७.३ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. २८ मिमीला एफ/८ आणि अंतर ३.३ मीटर ठेवलं तर १.७ मीटरपासून अनंतापर्यंत, म्हणजे पुढचा माणूस आणि मागची इमारत दोन्ही. चालणाऱ्याला सेकंदाचा २५० वा भाग पुरतो, सायकल आडवी जात असेल तर ५०० वा. उजेड कमी झाला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

मोबाइल नक्की चालतो, फक्त मुख्य लेन्सच वापरा. अतिरुंद लेन्स खांब वाकवते आणि कडेचे चेहरे ओढते.

इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात.

कॅमेरा वर उचलल्यामुळे. उंच भाग मावेना की हात आपोआप वर जातो आणि उभ्या रेषा वरच्या दिशेने एकमेकींकडे झुकतात. जुन्या गल्लीत हे खपून जातं, पण जिथं सगळी रचनाच काटकोनांची आहे तिथं दोन अंशांचा कलही खुपतो.

उपाय : स्क्रीनवरची चौकट-जाळी आणि पातळीदर्शक चालू करा, कॅमेरा जमिनीला समांतर धरा, आवश्यक तेवढे मागे सरका आणि खाली जास्तीची फरशी आली तर नंतर कापा. आडवा फोटो जमत नसेल तर उभा घ्या. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा १०-१५ टक्के कापल्या जातात. म्हणून माणसाचे पाय काठाला चिकटवून ठेवू नका. दुसरी अडचण समोरासमोरच्या फोटोची. दर्शनी भागाला तुम्ही किंचित तिरपे असाल तर 'चुकून वाकडा' असा भास होतो. एक तर अगदी समोर उभे राहा, नाहीतर ठरवून ३० अंश तरी बाजूला जा.

काँक्रीट राखाडी, मेलेलं दिसतं, नाहीतर सावलीतली माणसं काळी पडतात.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. उन्हातलं फिकट काँक्रीट चौकटभर असलं की कॅमेऱ्याचा मापक ते मध्यम राखाडी समजतो आणि फोटो अंधारा करतो. तिथं अधिक ०.७ ते अधिक १ स्टॉप द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). उलट खोल छज्ज्याखालच्या किंवा उभ्या ऊन-रोधक पडद्यांमागच्या माणसात आणि उन्हातल्या भिंतीत पाच-सहा स्टॉपांचा फरक असतो. तिथं रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), उजळ भाग फुटणार नाही इतकं (साधारण उणे ०.७) ठेवून टिपा आणि सावली नंतर दीड-दोन स्टॉप उचला. तीनच्या वर उचललीत तर सावलीत हिरवट-जांभळे डाग उठतात.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) आपोआपवर सोडू नका. सावलीतलं काँक्रीट आकाशाचा निळेपणा घेतं, विटांची भिंत शेजारी आली की कॅमेरा गोंधळतो, आणि एकाच गल्लीतले दहा फोटो दहा रंगांचे येतात. ५,२०० ते ५,५०० केल्विनवर पक्का करा.

बारीक विटांच्या जाळीवर कधीकधी लाटांसारखी रंगीत नक्षी उमटते. एक पाऊल पुढे किंवा मागे व्हा, किंवा एफ/११ वापरून पाहा. बहुतेक वेळा जाते.

फोटो चांगले येतात, पण ते वास्तूचे फोटो वाटतात. 'रोजचं जगणं' त्यात कसं आणायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ल कार्बुझिए यांचे छायाचित्रकार ल्युसिआँ एर्व्हे यांच्या छायाचित्रांनी या इमारतींकडे बघायची एक नजर घडवली : कडक सावल्या, तुटक आकार, आणि माणूस आलाच तर मापासाठी. ते काम थोर आहे, पण आता त्याच नजरेची नक्कल करत राहण्यात अर्थ नाही. तेव्हा इमारती नव्या होत्या. आता त्यांत सत्तर वर्षांचं राहणं साठलं आहे.

आराखड्यानं काय ठरवलं होतं आणि माणसांनी त्याचं काय केलं, हे दोन्ही एकाच चौकटीत आणायचा प्रयत्न करा. सरकारी घरांचंच बघा. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि जान्नरे या वास्तुरचनाकारांनी पगाराच्या पायरीप्रमाणे तेरा प्रकारांची घरं आखली. खालच्या पायरीवरच्या शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, शौचालय आणि अंगण दिलं. स्वस्त म्हणून वीट, ऊन अडवायला जाळी, झोपायला गच्ची. आज त्या जाळीवर दुपट्टे वाळतात, अंगणावर पत्रा चढलेला असतो, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि कुंडीतली तुळस असते, जिन्याखाली स्कूटर असते. जाळी नुसती टिपलीत तर नमुना मिळतो. दुपट्ट्यासकट टिपलीत तर घर मिळतं.

करून बघण्यासारखं : आधी रिकामी चौकट ठरवा, म्हणजे खांब, जिना, जाळी, भिंतीची कड. मग तिथंच वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं लोक तुमच्याकडे बघतात, मग विसरतात. कुणी चौकटीत आलं की पाऊल उचललेलं असताना घ्या, आणि आकृती खांबावर चढू देऊ नका, तिच्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवा. एका जागी चाळीस-पन्नास फोटो काढून एक ठेवला तरी तो सौदा वाईट नाही.

हाताकडे लक्ष ठेवा. कठड्यावर कोपर टेकणं, छज्ज्याखाली पावसात थांबणं, काँक्रीटच्या बाकावर डबा उघडणं, हिरव्या पट्ट्यात सकाळी साडेसहाला चालणाऱ्या बायकांचे घोळके, ठरलेल्या दिवशी सेक्टरमध्ये भरणारी 'अपनी मंडी', रेहडीवरची (हातगाडीवरची) भाजी. खाली पायाशीही बघा : गटाराच्या काही जुन्या बिडाच्या झाकणांवर शहराचा नकाशा ओतलेला आहे, आणि लोक त्यावरून रोज चालत जातात.

कॅपिटॉल संकुलात फोटो काढता येतात का?

सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांचं हे संकुल २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९९५ मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची सचिवालयाबाहेर हत्या झाली, तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. मार्गदर्शकासोबतच्या फेरीत आत जाता येतं, त्यासाठी ओळखपत्र लागतं. वेळा बदलतात, आदल्या दिवशी पर्यटन केंद्रात विचारा. ट्रायपॉड नेऊ नका. सुरक्षा चौक्या आणि शिपाई चौकटीत घेऊ नका.

खरं सांगायचं तर आपल्या विषयासाठी ही जागा अवघड आहे. पटांगण इतकं अफाट आहे की माणूस ठिपका होतो. न्यायालयाच्या बाहेरच्या बाजूला डगले घालून लगबगीनं जाणारे वकील आणि कार्यालयं सुटल्यावरची सायकली-स्कूटरींची रांग यांतून जास्त मिळेल.

लोकांना विचारावं का? कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक जागेत फोटो काढायला सरसकट मनाई नाही. वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं हे कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घराच्या खिडकीतून आत, बंदिस्त अंगणात किंवा गच्चीवर झोपलेल्या माणसांवर लेन्स रोखायची नाही. जाळी असली तरी ती घराची भिंतच आहे.

रस्त्यावरचं व्यापक दृश्य असेल तर विचारायची गरज नसते. एकच माणूस विषय असेल तर विचारा, आधी किंवा लगेच नंतर. 'सत श्री अकाल जी, इक फोटो लै लवां?' एवढं पंजाबी पुरतं. हिंदीही सगळीकडे चालते. नवी मुंबईत 'काका', 'मावशी', 'दादा' म्हणून सरळ बोला. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली, आणि मागितलं तर समोरच पुसून टाका. लहान मुलांसाठी आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाही. शाळांच्या कुंपणाबाहेर रेंगाळू नका.

आखणीत न बसणारी गावं दिसतात, ती घ्यावीत का?

अवश्य. त्यांच्याशिवाय चित्र अर्धं राहतं. सेक्टर ४५ मधलं बुडैल, सेक्टर ४२ मधलं अटावा ही मूळची गावं. शहराच्या रस्त्यांची जाळी त्यांच्याभोवतीनं आखली गेली. 'लाल डोऱ्या'च्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या आत बांधकामाचे नियम वेगळे राहिले, म्हणून तिथं चिंचोळ्या गल्ल्या, चार-चार मजले, खाली वर्कशॉप आणि वर भाड्याच्या खोल्या. शहराची कितीतरी कामं करणारी माणसं तिथं राहतात. सेक्टरच्या रुंद रस्त्यावरून गावात शिरतानाची जी सीमारेषा आहे, तिथं उभं राहून दोन्ही बाजू एका चौकटीत घ्या. आत गल्लीत उजेड पट्टीसारखा वरून येतो, बारा-एकच्या सुमारास जमिनीपर्यंत पोचतो. उन्हाळ्यात दुपारी जायलाच हवं अशी ही एकमेव जागा. गरिबीचं प्रदर्शन मांडायला जाऊ नका. आधी चहा घ्या, कामाबद्दल विचारा.

नवी मुंबईत सराव कुठे करता येईल?

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि चार्ल्स कोरिया त्याचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार झाले. इथं एकच एक भव्य मध्य नाही, रेल्वेच्या धाग्यात ओवलेले नोड, म्हणजे स्वतंत्र उपनगरं आहेत.

सर्वांत चांगली जागा बेलापूर सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज. कोरियांनी सात-सात घरं ८ × ८ मीटरच्या अंगणाभोवती मांडली. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि मधे १२ × १२ मीटरचं मोठं अंगण. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं वाढवावं. लोकांनी तसंच केलं. आज उतरत्या कौलांच्या मूळ घराशेजारी तीन मजली नवं घर उभं दिसतं. मूळ घरांची संख्या घटते आहे, म्हणून ही नोंद लवकर व्हायला हवी. आठ मीटरच्या अंगणात २८ मिमीच लागते, आणि ते अंगण रहिवाशांचं आहे, तेव्हा विचारूनच आत जा.

मग वाशीच्या जुन्या सेक्टरांतली सिडकोची बैठी घरं आणि तीन-चार मजली इमारती, त्यांवरच्या गंजलेल्या ग्रिल आणि मागाहून वाढवलेल्या गॅलऱ्या. वाशी, नेरुळ, बेलापूर स्थानकांचे प्रचंड मंडप आणि भुयारी मार्ग. बुडैलशी तुलना करायची तर आगरी-कोळ्यांची मूळ गावठाणं बघा : वाशीतलं जुहूगाव, बेलापूरजवळचं दिवाळे. दिवाळ्याच्या धक्क्यावर भरती-ओहोटीची वेळ बघून जा, सुक्या खाडीत होड्या हलत नाहीत. फलाटावर मोठा कॅमेरा काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारा, रेल्वे पोलीस हटकतात.

संध्याकाळी बाजारातल्या फोटोंवर आडवे पट्टे येतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक वापरा. कॅमेऱ्यात फ्लिकर-रोधक सोय असेल तर चालू करा.

धुकं आणि पावसाळा?

डिसेंबर-जानेवारीत चंदीगडला दाट धुकं पडतं. मापक फसतो, अधिक १ स्टॉप द्या. धुक्यात आपोआप फोकस मागेपुढे धावतो, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे हातानं लावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जास्तीची आतल्या खिशात ठेवा.

नवी मुंबईत अडचण उलटी. एसी गाडीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरतं. पुसू नका, पुन्हा धरतं. बॅग बंदच ठेवून १५-२० मिनिटं थांबा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा वाळवा. पावसात काँक्रीट गडद होतं, शेवाळ आणि ओघळ उठून दिसतात, म्हणून जुन्या इमारतींसाठी पहिल्या सरीनंतरचा तास सोडू नका.

कृष्णधवल की रंगीत?

रंगीत. विटेचा लाल, दुपट्ट्यांचे रंग, अमलताशाचा (बहाव्याचा) मे महिन्यातला पिवळा आणि हाती रंगवलेल्या दुकानपाट्या काढून टाकल्या की पुन्हा आकारच उरतात.

ड्रोन?

चंदीगडला नको. हवाई दलाचा तळ जवळ आहे, मनाईचे आदेश वारंवार निघतात. नवी मुंबईत उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या नकाशावर त्या दिवशीचा विभाग तपासा. तसंही १०० मीटरवरून आराखडा दिसतो, माणसं दिसत नाहीत.

नोंदी कशा ठेवायच्या?

फाइलच्या नावात शहर, सेक्टर, तारीख आणि क्रमांक घाला, उदाहरणार्थ 'चंदी-२२-२०२५०२१४-०३७'. फोटोओळीत चार गोष्टी हव्यात : जागा (घराचा नेमका क्रमांक नको), वेळ, कॅमेऱ्याची दिशा, आणि मूळ रचनेत तिथं काय होतं. दिशा लिहायचा कंटाळा येतो, पण पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा उभं राहायचं असेल तर तीच कामाला येते. पायांच्या जागेचाही मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कारण भिंती आणि झाडं बदलतात. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत करा, आणि प्रत उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका.